पंचावन्न नंबर

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा खेळ. अमेरिकेत त्याच नावाचा जो खेळ आहे, त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो आणि समोरच्याच्या अंगावर धावून जाणं हेच काहींचं काम असतं. अमेरिकेतल्या भाच्यामुळे हा खेळ आमच्या घरात शिरला, म्हणून लाईनबॅकर म्हणजे कोण हे मला थोडंफार कळतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगते.

बचाव करणाऱ्या अकरा जणांपैकी पुढची तीन-चार धिप्पाड माणसं समोरच्यांच्या नाकाला नाक लावून वाकलेली असतात. त्यांच्या मागे चार-पाच पावलांवर लाईनबॅकर उभा असतो. चेंडू हलला की डाव कुठे चाललाय हे क्षणात ओळखायचं आणि चेंडूवाल्याला आडवं करायचं. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याला पकडतो तसंच काहीसं. पण इथे दोघंही शंभर किलोच्या आसपास आणि दोघंही पूर्ण वेगात. डोक्यावर हेल्मेट असतं. त्याने कवटी वाचते, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच.

हे काम वीस मोसम करणारा एक माणूस होता, ज्युनियर सेआऊ. जर्सीचा नंबर ५५.

त्याचा जन्म १९६९ चा, सॅन डिएगोचा. आईवडील अमेरिकन सामोआ बेटांवरचे. घर ओशनसाइड गावात, माणसं जास्त आणि जागा कमी, त्यामुळे मुलगे गॅरेजमध्ये झोपायचे. इंग्रजी त्याला सातव्या वर्षापर्यंत येत नव्हतं. पुढे विद्यापीठात खेळायला गेला तर प्रवेशपरीक्षेत ७०० गुण लागत होते, याला ६९० मिळाले. दहा गुणांसाठी पहिलं वर्ष बाहेर बसावं लागलं. अशा मुलाला पुढे सगळ्यांपेक्षा जास्त मेहनत करायची सवय लागली तर नवल काय!

१९९० मध्ये सॅन डिएगो चार्जर्सने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं. म्हणजे घरच्याच गावाचा संघ. १९९१ ते २००२ अशी सलग बारा वर्षं तो प्रो बोलसाठी, म्हणजे त्या मोसमातल्या उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. भेटेल त्याला तो 'बडी' म्हणायचा. गावातल्या मुलांसाठी त्याने संस्था काढली. त्याच्यावर लोकांचा जीव होता.

त्याचा सर्वात गाजलेला सामना जानेवारी १९९५ मधला, पिट्सबर्गचा. मानेतली नस दबलेली असताना तो उतरला, १६ टॅकल केले आणि चार्जर्स १७-१३ ने जिंकून पहिल्यांदाच सुपर बोलमध्ये गेले. (तिथे मात्र सॅन फ्रान्सिस्कोने ४९-२६ ने धुतलं.) दबलेल्या नसेची ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं कौतुकानेच सांगितली गेली. मला तिथेच अडखळायला होतं. दुखणं बाजूला ठेवून खेळतो म्हणून तो थोर, आणि थोर ठरला म्हणून पुढच्या वेळीही दुखणं बाजूलाच.

२००३ मध्ये तो मायामीला गेला. ऑगस्ट २००६ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि चारच दिवसांत न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून सही केली! २००७ च्या मोसमात तो संघ साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकला आणि सुपर बोल १७-१४ ने हरला. २००९ च्या मोसमानंतर सेआऊ खरोखर थांबला.

थांबल्यावर झोप येईना, स्वभाव बदलत गेला, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. २ मे २०१२ ला ओशनसाइडच्या घरी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४३.

घरच्यांनी त्याचा मेंदू अभ्यासासाठी दिला. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने निष्कर्ष सांगितला: सीटीई. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला हा मेंदूचा आजार. टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साचत जातं, आणि याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. मुष्टियोद्ध्यांमध्ये १९२८ पासून असं काही दिसत होतं. फुटबॉल खेळाडूच्या मेंदूत ते पहिल्यांदा डॉ. बेनेट ओमालू यांनी २००२ मध्ये माइक वेब्स्टर यांच्या शवविच्छेदनानंतर दाखवलं. लीगच्या अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीईचा संबंध उघडपणे मान्य करायला मात्र २०१६ उजाडलं.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. वीस वर्षांत त्याच्या नावावर अधिकृत अहवालात कन्कशनची एकही नोंद नव्हती. शून्य! घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मेंदू शिणायला प्रत्येक वेळी शुद्ध हरपावी लागत नाही. छोटे छोटे धक्के साठत जातात, आणि लाईनबॅकरच्या कामात ते रोजचेच, सरावातसुद्धा. ते कोण मोजणार?

२०१५ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. दिवंगत खेळाडूच्या घरच्यांचं भाषण नसायचं असा तेव्हा तिथला नियम होता, म्हणून लेकीने लिहिलेलं पूर्ण भाषण तिला तिथे करता आलं नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये ख्रिस बोरलंड या सॅन फ्रान्सिस्कोच्या लाईनबॅकरने, पहिला मोसम उत्तम गेलेला असताना, चोविसाव्या वर्षी खेळ सोडला. सरावात डोक्याला लागलं होतं, पण संघात जागा हवी म्हणून तोही गप्प राहून खेळला होता. मग त्याने वाचलं, संशोधकांना विचारलं, आणि बोनसचा तीन चतुर्थांश भाग परत करून घरी गेला. काहींनी त्याला वेड्यात काढलं.

सगळ्यांनी बोरलंडसारखं सोडून द्यावं असं मी म्हणत नाही. खेळात एक मजा असते आणि सेआऊने ती भरभरून घेतली, दिलीही. २०१८ पासून डोकं खाली घालून धडकण्यावर दंड आहे, हेही चांगलंच. पण "काही नाही झालं, ऊठ" हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक मैदानावर, प्रत्येक घरात असतं. ते ऐकून उठणाऱ्या पोराचं आपण कौतुक करतो. "डोकं दुखतंय, आज बसतो" म्हणणाऱ्याचंही थोडं करावं. निदान भाच्याला तरी मी तसं सांगून ठेवलंय. ताई, तूही सांग.