ट्रकचे बाह्य आरसे (युरोपीय नियम)
अवजड मालट्रकच्या केबिनबाहेरील आरशांचे वर्ग, दृष्टिक्षेत्र व वक्रता संयुक्त राष्ट्रांच्या ४६ व्या वाहन-विनियमात ठरवलेली आहे. दुसऱ्या वर्गाचा मुख्य आरसा मागचा रस्ता दाखवतो, चौथ्या वर्गाचा अधिक बहिर्वक्र आरसा बाजूचा रुंद पट्टा. पाचव्या वर्गाचा आरसा दाराखालची जागा दाखवतो आणि जमिनीपासून किमान २ मीटर उंच असतो. सहाव्या वर्गाचा आरसा केबिनच्या नाकासमोरचा भाग दाखवतो. खरा धोका वळणावर, चालकाच्या विरुद्ध बाजूला. तिथला सायकलस्वार उंच केबिनमधून दिसतच नाही. म्हणूनच युरोपीय संघाने २००७ च्या निर्देशाने २००० पासून नोंदलेल्या, ३.५ टनांहून जड जुन्या मालवाहनांनाही त्या बाजूला सुधारित आरसे सक्तीचे केले. मुदत होती ३१ मार्च २००९.