भोपाळ: वायू विरला, पाण्यातलं विष राहिलं

तिवस्यातल्या जुन्या कापूस उत्पादकांना सेविन पावडर आठवत असेल. ती भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये बनायची. १९८४ ची वायुगळती तुम्हाला माहीतच आहे. पण त्याआधीपासून, १९७७ पासून, कारखान्याचं सांडपाणी बाहेरच्या तळ्यांत सोडत होते. पुढे आवारातल्या मातीत पारा सापडला, शेजारच्या वस्त्यांच्या हातपंपांत क्लोरीनयुक्त रसायनं. नळाचं पाणी द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं! गोदामातला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन जाळला, चाळीस वर्षांनी. आणि ते सोपं काम होतं. माती-भूजलाची सफाई अजून बाकीच आहे.

तुमची विहीर जुन्या कारखान्याजवळ असेल, तर उकळण्यावर विसंबू नका. त्याने जंतू मरतात, पारा जात नाही. प्रयोगशाळेत रसायनांची तपासणी वेगळी मागावी लागते.