लिने कुठे गेला?

१८६६ च्या ऑक्टोबरमध्ये युलियुस श्मिट यांना चंद्रावरचं एक विवर सापडेना. श्मिट अथेन्सच्या वेधशाळेचे संचालक. चंद्राचा नकाशा काढण्यात अर्धं आयुष्य घातलेला माणूस. भलतीकडेच पाहिलं असेल, असं म्हणून त्यांना उडवून लावणं सोपं नव्हतं.

विवराचं नाव लिने. वनस्पतींना शिस्तीत नावं देणाऱ्या कार्ल लिनेयसवरून ठेवलेलं. ते मारे सेरेनिटाटिसच्या पश्चिम भागात आहे. हा नावाचाच समुद्र, प्रत्यक्षात गोठलेल्या लाव्हाचं काळसर मैदान. बेअर आणि म्येडलर या जर्मन जोडीने १८३० च्या दशकात नकाशा केला, तेव्हा तिथे सुमारे १० किलोमीटर रुंदीचं खोल विवर नोंदवलं होतं. श्मिटना दिसला नुसता पांढुरका डाग.

गंमत म्हणजे चंद्र मेलेला आहे, तिथे काही घडत नाही, हे लोकांच्या मनावर ठसवलं होतं ते याच जोडीने. त्यांचं काम इतकं चोख, की पुढची तीसेक वर्षं चंद्राचा अभ्यास थंडावलाच. सगळं झालंय म्हटल्यावर रात्री कोण जागवणार? श्मिट यांच्या बातमीने दुर्बिणी पुन्हा तिकडे वळल्या. विवर लाव्हाने बुजलं की कडा ढासळल्या, यावर वाद झडले. १८६७ मध्ये खुद्द म्येडलरनी पाहिलं आणि सांगितलं, १८३१ मध्ये दिसलं होतं तसंच आहे. वाद तरी मिटला नाही! ज्याच्या नोंदीवरून एवढं रामायण घडलं, त्याचीच साक्ष कुणाला पुरेशी वाटू नये, हे मला फार माणसासारखं वाटतं.

लिने खरं तर जेमतेम २.२ किलोमीटर रुंद आहे. आघाताच्या वेळी उडालेला उजळ चुरा त्याच्याभोवती पसरलाय. तिथे सूर्य क्षितिजाजवळ असला की विवरात सावली पडते आणि खड्डा कळतो. सूर्य वर चढला की सावली जाते, उरतो तो चुऱ्याचा डाग. त्या काळच्या दुर्बिणींना एवढं लहान विवर नीट दिसणं अवघडच होतं. १९७१ मध्ये अपोलो १५ ने त्याचे फोटो काढले. पुढे २००९ मध्ये सोडलेल्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने जवळून पाहिलं, तर रेखीव, जवळजवळ शंकूच्या आकाराचा ताजा खड्डा निघाला. बुजणं नाही, ढासळणं नाही.

आकाराचा अंदाज हवा असेल तर आपलं लोणार आठवा. तेही बेसॉल्टमधलंच आघातविवर, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. त्यालाही बराच काळ ज्वालामुखीचं मानत; उल्काघाताचा पक्का पुरावा १९७३ मध्ये छापून आला. फक्त लोणारवर पाऊस पडतो, झाडं उगवतात, कडा झिजतात. लिनेकडे ना हवा, ना पाणी.

आणि श्मिट? त्यांचा नकाशा १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३२,८५६ विवरं आहेत.