स्कॅनर, रेडिओ : हातातला की बेस (घाटकोपरच्या संदर्भात)

ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवरून झपाट्याने फिरत, जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबणारा रेडिओ संच. बोलणे संपले की तो पुढे सरकतो. रिकाम्या चॅनलची खरखर दाबून ठेवणाऱ्या आणि संदेश येताच आवाज मोकळा करणाऱ्या सोयीला स्क्वेल्च म्हणतात. स्कॅनरचे थांबणे-सरकणे सगळे तिच्यावर चालते. सुरुवातीच्या संचांत दर चॅनलसाठी वेगळा क्रिस्टल विकत घेऊन बसवावा लागे. सिंथेसायझर आल्यावर शेकडो चॅनल आकडे दाबून साठवता येऊ लागले.

प्रकार दोन. हातातला संच बॅटरीवर चालतो आणि त्याला वीतभर रबरी अँटेना असते. बेस संच टेबलावर ठेवायचा. त्याला १२ व्होल्टचा पुरवठा, मोठा स्पीकर आणि बाहेरच्या अँटेनासाठी सॉकेट असते. आतले सर्किट मात्र दोन्हींत अनेकदा एकाच तोलामोलाचे असते. म्हणून निवड डब्याकडे पाहून करू नये, अँटेना कुठे लावता येणार हे पाहून करावी.

घाटकोपर : मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून, म्हणजे २७ क्रमांकाच्या टोकाला, उतरणारी विमाने घाटकोपरवरून जातात. उतरण्याची वाट सुमारे तीन अंशांच्या उताराची असते, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर उंची कमी होते. स्थानकाच्या परिसरात चाके बाहेर काढलेले विमान गच्चीवरून जाते तेव्हा समोरच्या माणसाचे बोलणे क्षणभर थांबते. त्यामुळे इथल्या श्रोत्याला सर्वांत जवळचा वाटतो तो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा हवाई पट्टा.

या पट्ट्यात जगभर एएम पद्धतच वापरतात. दोघे एकाच वेळी बोलले तर एएममध्ये शिट्टीसारखा आवाज उमटतो आणि गोंधळ झाल्याचे नियंत्रकाला कळते. एफएममध्ये बलवान संदेश दुबळ्याला गिळून टाकतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

गॅलरीत हातातला संच धरला तर वैमानिकाचे उत्तर खणखणीत येते; नियंत्रकाचा प्रश्न मात्र कधी पुसट येतो, कधी येतच नाही. विमान मोकळ्या आकाशात असते, पण जमिनीवरची अँटेना इमारतींच्या आणि पश्चिमेकडील असल्फ्याच्या डोंगराच्या आड जाते. नवखा माणूस संच बिघडल्याची तक्रार करतो. संच ठीक असतो, मधले बांधकाम आडवे आलेले असते. संभाषण दोन्ही बाजूंनी ऐकायचे तर अँटेना गच्चीवर हवी, आणि बेस संचाचा खरा उपयोग तिथून सुरू होतो.

उंचीचा हिशोब : व्हीएचएफ लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दहा मीटरवरच्या गॅलरीला सुमारे १३ किलोमीटर, पंचवीस मीटरवरच्या गच्चीला सुमारे २१. समोरचे विमान ३,००० मीटरवर असेल तर त्याच्या बाजूचे सव्वादोनशे किलोमीटर या आकड्यात मिळवायचे. म्हणूनच दूरच्या विमानासाठी तुमच्या पाच मजल्यांनी थोडाच फरक पडतो. जमिनीवरच्या संचासाठी तो फार मोठा ठरतो.

१२५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ६० सेंटिमीटर होते. रबरी अँटेना गुंडाळून आखूड केलेली असल्याने ती तेवढी संवेदनशील नसते. हातातल्या संचाला साठ सेंटिमीटरची तार जोडून खिडकीबाहेर सोडली, तरी ऐकण्यात ओळखू येईल इतका फरक पडतो.

केबल : वीस मीटर आरजी-५८ केबलमध्ये या पट्ट्यावर निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जिरते. जाड आरजी-२१३ मध्ये नुकसान डेसिबलच्या हिशोबात निम्म्यावर येते. गच्चीवर अँटेना आणि खाली आरजी-५८ ही जोडी इथे सर्रास दिसते आणि पैसे वाया घालवते. सांध्यात पाणी शिरले की केबल आतून काळी पडते, म्हणून पावसाळ्यापूर्वी सांधे जलरोधक पट्टीने गुंडाळावेत. विजा चमकू लागल्यावर केबल संचातून काढून ठेवावी. पाण्याच्या टाकीशेजारी काठी उभी करायलाही सोसायटीची लेखी एनओसी आधी घ्यावी.

गोंगाट : उंच अँटेना हवे तेवढेच ऐकत नाही. एफएम केंद्रे आणि मोबाइल टॉवर यांचे बलवान संदेश संचाच्या तोंडाशीच गर्दी करतात. १०.७ मेगाहर्ट्झची मधली (इंटरमीजिएट) फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या साध्या संचांत एफएम केंद्र त्याच्या दुप्पट, म्हणजे २१.४ मेगाहर्ट्झ, वर सरकून डोकावते. ९८च्या आसपासची गाणी ११९-१२०वर विचित्र, फाटक्या आवाजात ऐकू येतात. एफएम अडवणारा फिल्टर लावला की बहुतेक वेळा हा त्रास मिटतो. हातातला संच दुबळ्या अँटेनामुळेच या संकटातून पुष्कळदा सुटतो.

रुळांलगतच्या इमारतींत आणखी एक आवाज येतो. मध्य रेल्वेने १,५०० व्होल्ट डीसी सोडून २५,००० व्होल्ट एसी घेतले, आणि मुख्य मार्गावर सीएसएमटीपर्यंतचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. गाडीच्या छतावरचा पँटोग्राफ तारेवरून उडाला की ठिणगी पडते आणि एएममध्ये कडकडाट होतो. एफएम संदेशांना त्याची झळ कमी पोहोचते. एलईडी दिव्यांचे आणि चार्जरचे आवाज वेगळेच. त्यांच्यावर पहिला उपाय म्हणजे ते बंद करून पाहणे.

वीज : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत वीज व फोन बंद पडले. बॅटरी नसलेला बेस संच अशा दिवशी मुका होतो.

कायदा : भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा, १९३३ नुसार परवान्याविना बिनतारी संच बाळगणे हाच गुन्हा ठरत होता, वापर पुढची गोष्ट. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी परवानगीचे कलम आहे. सामान्य प्रसारण ऐकण्याच्या मोकळिकीत पोलीस, रेल्वे किंवा हवाई संभाषणे बसत नाहीत, आणि चोरून ऐकलेले इतरांना सांगणे तर सरळ अपराध आहे. या नोंदीचा कल त्यामुळे हौशी रेडिओच्या रीतसर वाटेकडे आहे. केंद्राच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) विभागाची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. परवानाधारकाला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो आणि हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या ‘हँडी’त, म्हणजे हातातल्या संचात, स्कॅनिंगची सोय असतेच. २०२५ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींबाबत ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा काढल्या; ‘ऑनलाइन मिळते म्हणजे चालते’ हा समज तेव्हा तरी सुटायला हवा होता.

इतिहास : १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. प्रक्षेपक बांधण्यात हौशी रेडिओतले नरिमन प्रिंटर होते. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्याने केंद्राचा पत्ता वारंवार बदलत राहिला, आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले. संच उचलून नेता येण्याला केवढे मोल असते, याचे मुंबईतले हे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

डिजिटल : सांकेतिक डिजिटल संभाषण कोणत्याच साध्या स्कॅनरवर उलगडत नाही.

डोंगल : २०१२ च्या सुमारास टीव्हीसाठी बनलेल्या आरटीएल२८३२यू चिपच्या डोंगलमधून संगणकावर विस्तृत पट्टे पाहता येतात, हे हौशींनी दाखवले. लॅपटॉपला जोडलेला डोंगल हातातल्या संचापेक्षा हलका असतो आणि पट्ट्याचा एक तुकडा एकाच वेळी पडद्यावर धबधब्यासारखा उतरताना दिसतो. डोंगलवर अवकाशातलेही ऐकता येते : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हौशी केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलते. ते घाटकोपरच्या डोक्यावरून जाते तेव्हा सुमारे दहा मिनिटे मिळतात, आणि त्यासाठी गॅलरीतली साधी तारही पुरते.