भाता कोण ओढणार?

समजा, तुम्ही डेल्फ्टमध्ये राहता आणि मित्राच्या घरामागच्या अंगणात तुम्हाला एक लहानशी लोहारभट्टी मांडायची आहे. विटा मिळतात. बार्बेक्यूचा लाकडी कोळसा सुपरमार्केटात मिळतो. ऐरण म्हणून रुळाचा जाडसर तुकडाही चालून जातो. काम अडतं ते हवेवर. नुसत्या पेटलेल्या कोळशावर वांगं छान भाजलं जातं, पण लोखंडाची सळी त्यात तासभर ठेवली तरी ढिम्म हलत नाही. तिला घडवायचं तर ती नारिंगी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण 1000 अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी कोळशात हवा घुसवायला हवी, तीही सतत आणि जोराने.

तयार ब्लोअर महाग पडतो. म्हणून मागच्या उन्हाळ्यात आम्ही आधी जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा नळीला जोडून पाहिला. मोकळ्या हवेत तो झकास फिरायचा, भट्टीला लावला की निखारे झोपलेलेच. कारण साधं आहे. असा पंखा हवा भरपूर हलवतो, पण समोर कोळशाचा ढीग आडवा आला की ती आत ढकलण्याइतका दाब त्याच्यात नसतो. मग जुन्या वस्तूंच्या दुकानातून पाच युरोचा हेअर ड्रायर आणला, गार हवेचं बटण दाबलं आणि दोन मिनिटांत सळी लाल झाली. सगळे ओरडलो. तेवढ्यात आमच्यातल्या एकीने विचारलं, "हेअर ड्रायर नव्हता तेव्हा हे काम कोण करायचं?"

हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

श्वास घेणारी कातडी पिशवी

मराठीत उत्तर तयार आहे: भाता. हा शब्द संस्कृतातल्या 'भस्त्रा'वरून आला. भस्त्रा म्हणजे कातड्याची पिशवी. योगाच्या वर्गात तुम्ही भस्त्रिका प्राणायाम केला असेल, तर लोहाराच्या भात्याची नक्कल तुम्ही केलेलीच आहे. डच लोक भात्याला 'ब्लासबाल्ख' म्हणतात. त्यातलं 'ब्लास' म्हणजे फुंकणं आणि 'बाल्ख' म्हणजे पुन्हा कातडी पिशवीच. दोन्ही भाषांनी या वस्तूला एकाच नजरेने पाहिलं.

आपल्याकडचा जुना भाता बकऱ्याच्या कातड्याचा. तोंड उघडून वर उचलायचं, हवा भरली की बंद करून खाली दाबायचं, हवा नळीतून निखाऱ्यात जाते. गोम अशी की पिशवी भरत असताना फुंकर थांबते आणि विस्तव दम टाकतो. म्हणून दोन भाते शेजारी ठेवून आळीपाळीने दाबायचे, एक भरतोय तोवर दुसरा फुंकतोय. चीनमध्ये यावर पेटीचा भाता निघाला. त्यातला दट्ट्या पुढे ढकला की मागे ओढा, दोन्ही वेळेला हवा मिळते. युरोपात मोठ्या भट्ट्यांचे भाते पाणचक्कीला जोडले गेले. गेओर्ग आग्रिकोलाच्या 1556 साली छापलेल्या 'दे रे मेटालिका' या खाणकामावरच्या ग्रंथात त्यांची तपशीलवार चित्रं आहेत. पण गावातल्या छोट्या लोहाराला पाणचक्की कुठून परवडणार? त्याच्याकडे शिकाऊ पोरगा असायचा.

दोन नांगर

डेल्फ्टच्या आउड डेल्फ्ट कालव्यावर ईस्ट इंडिया हाउसची इमारत अजून उभी आहे. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक या शहरात होती आणि तिची जहाजं शहराच्या बंदरातून, डेल्फ्सहावनमधून, निघायची. याच कंपनीने 1637च्या सुमारास कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे अवशेष तुम्ही सुट्टीत गावी जाल तेव्हा पाहू शकता.

जहाज लाकडाचं असलं तरी खिळे, पट्ट्या, साखळ्या आणि नांगर लोखंडाचे. त्याच काळात वेंगुर्ल्यापासून घाटावर चढून गेलात, तर गावोगावचा लोहार वेगळाच नांगर सांभाळत होता. त्याच्या फाळाला टोक काढणं, विळ्याला पाणी पाजणं, बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवणं ही त्याची कामं. बारा बलुतेदारांतला तो एक. सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून त्याला धान्य मिळायचं. मराठीत जहाजाचा आणि शेताचा, दोघांचाही नांगरच. दोन्ही नांगरांमागे कुणीतरी भाता ओढत होतं.

ते 'कुणीतरी' नोंदींत मात्र सापडत नाही. तुमच्या वर्गात एखादा स्मिट किंवा स्मिट्स असेलच, तो म्हणजे डच लोहार. आपल्याकडेही लोहार हे आडनाव आहे. भाता ओढणाऱ्याच्या नावाने पडलेलं आडनाव आम्हाला अजून भेटलेलं नाही. बलुतं घराला मिळायचं, त्यात घरच्या बाईचा आणि मुलांचा वाटा वेगळा मोजला जात नसे.

भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (1965) हा चित्रपट घरच्यांनी तुम्हाला दाखवला असेल. त्यातलं लोहाराच्या भट्टीवरचं गाणं लता मंगेशकरांच्या आवाजात आहे. म्हणजे भट्टीपाशी गाते ती लोहाराची बायको. ही काही सिनेमावाल्यांची कल्पना नाही. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणाऱ्या घिसाडी कुटुंबांत पुरुष सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, छोट्या हातोडीने ठोका कुठे पडायला हवा ते दाखवतो आणि जड घण मारते ती बाई, कित्येकदा पोर झोळीत टाकून. मग भात्यापाशी कोण? जरा मोठं झालेलं मूल.

आणि हे फक्त लोहारांचंच आहे असं समजू नका. तुमच्या पणजीच्या चुलीपाशी लोखंडी फुंकणी असायची. तोही ब्लोअरच. त्याची मोटर म्हणजे पणजीची छाती, आणि फुंकरीबरोबर उलटा येणारा धूरही तिच्याच छातीत जायचा.

पंखा आला, पुढे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बफेलो फोर्जसारख्या अमेरिकन कंपन्या हाताने फिरवायचे ब्लोअर विकू लागल्या. दांडा सावकाश फिरवायचा, आतली दातेरी चाकं पंख्याला कितीतरी पट वेगाने पळवतात. फुंकर अखंड राहते आणि कष्ट कमी होतात. आपल्याकडे याच कल्पनेचा जुगाड रस्त्याकडेला दिसतो: मोठं चाक, त्यावरून पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लहानसा पंखा. कातडं गेलं तरी नाव मात्र भाताच राहिलं.

विजेचा ब्लोअर आल्यावर तर भात्यापाशी माणूसच लागत नाही. बटण दाबलं की मूल मोकळं, शाळेत जायला मोकळं. हिशोब इतका सरळ वाटतो. पण आमच्या पाच युरोच्या ड्रायरमागे एक गोष्ट फुकट होती, भिंतीतला सॉकेट. विजेची जोडणी घ्यायला पत्ता लागतो. घिसाडी समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. ज्यांचं घर दर हंगामाला हलतं, त्यांनी कुठला पत्ता द्यायचा? त्यांच्याकडे हाताने फिरवायचा भाता टिकून आहे तो परंपरेच्या प्रेमापोटी नाही. वायर तिथवर पोचलेली नाही म्हणून. स्वस्त यंत्र सगळ्यांना सारखंच स्वस्त पडत नसतं.

तुम्ही करणार असाल तर

तरीही भट्टी मांडाच. हाताने केल्याशिवाय हा इतिहास अंगात मुरत नाही. फक्त काही गोष्टी सांभाळा.

भट्टी उघड्यावरच पेटवा. घरात, गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत अजिबात नको. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. ड्रायरचं प्लास्टिक विस्तवापासून लांब राहील अशी लांब लोखंडी नळी मध्ये घाला. जस्ताचा मुलामा दिलेली नळी आगीजवळ नको, तापली की त्यातून विषारी धूर येतो. ड्रायर उघडून आतल्या तारांशी खेळू नका. एअर बेड फुगवायचा पंप असेल तर तोही लावून बघता येईल. हवा कमी करायची असेल तर नळी आणि ड्रायर यांच्यामध्ये फट ठेवा, म्हणजे जास्तीची हवा बाजूने निघून जाईल. लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या तर हवा आणि ताप दोन्ही जास्त झाले, तुमची सळी जळते आहे. आणि हवा बंद केलीत की नळी भट्टीपासून सोडवून ठेवा, नाहीतर पेटणारा वायू उलटा तिच्यात शिरतो.

शेवटचं एक करून बघा. पाच मिनिटं ड्रायर बंद ठेवा आणि गादी फुगवायच्या पायपंपाने विस्तव जागता ठेवा. आम्ही पाळी लावून केलं. सळी लाल झाली खरी, पण तिसऱ्या मिनिटाला प्रत्येकजण घड्याळाकडे बघत होता. मघाशी प्रश्न विचारणारी मैत्रीण पंपावरून उतरली, घाम पुसला आणि म्हणाली, "आणि हे दिवसभर?"

हो, दिवसभर. आणि वय वर्षं आठ.