दिल्ली फोडाची कुळकथा

रोगांना गावांची नावे देण्याची चाल जुनी आहे. गाव बिचारे जागच्या जागी असते. नाव मात्र ग्रंथांतून आणि दवाखान्यांच्या नोंदवह्यांतून देशोदेशी फिरते, आणि रोग गावातून निघून गेला तरी मागे उरते. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावाचे नाव १९६५ सालापासून एका विषाणूला असेच चिकटले आहे. दिल्लीच्या वाट्याला हा मान पुष्कळ आधी आला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज डॉक्टर ज्याला ‘दिल्ली बॉइल’ म्हणत आणि लोकांच्या तोंडी जो ‘औरंगजेबी फोडा’ होता, त्या त्वचारोगाची हकीकत नोकरीच्या निमित्ताने या शहरी येऊन राहिलेल्या आम्हां मराठी माणसांनी जाणून घेण्याजोगी आहे. कारण हा रोग विशेषतः नव्याने येणाऱ्यांस गाठणारा होता.

रोगाचे रूप साधे, पण चिवट. चेहरा, हात, पाय अशा उघड्या अंगावर एक तांबूस पुटकुळी येई. ती हळूहळू वाढे, फुटे, तिच्यावर खपली धरे आणि खपलीखाली व्रण मुरत राही. वेदना बेताचीच, परंतु सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ तो बरा होत नसे, आणि बरा झाला तरी खोलगट वण जन्मभर राही. अलेप्पो, बगदाद, बिस्क्रा, लाहोर, मुलतान या शहरांनीही आपापली नावे याच व्रणास दिलेली आहेत. एकदा तो होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, हे लोकांनी डॉक्टरांच्या आधी ओळखले होते. बगदादेत आया मुलांच्या झाकल्या अंगावर मुद्दाम या फोडाची लस टोचून घेत, ती पुढे चेहरा विद्रूप होऊ नये म्हणून. अशा शहरांत जन्मलेल्यांचे देणे बालपणीच फिटे. प्रौढपणी ते द्यावे लागे बाहेरून आलेल्या शिपायास, कारकुनास, व्यापाऱ्यास. १७८४ नंतर महादजी शिंद्यांच्या फौजेबरोबर दिल्लीत वावरलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कोणी हा वण घेऊन घरी परतले असतील, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

१८५७ नंतर दिल्लीत गोऱ्या पलटणींचा कायमचा तळ पडला आणि फोडाचा प्रश्न सरकारी झाला. शिपाई मरत नव्हता, पण कवायतीस निरुपयोगी होत होता. मग कारणांचा शोध सुरू झाला. दिल्लीच्या विहिरींच्या खाऱ्या, जड पाण्यावर पहिला संशय गेला; उष्मा, धूळ, अस्वच्छता यांचीही नावे घेतली गेली. टिमोथी लुइस आणि डेव्हिड कनिंगहॅम या दोन लष्करी डॉक्टरांनी १८७७ साली या व्रणावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. एकूण, गाव दोषी हे गृहीतच होते; त्याचा अपराध कोणता एवढेच ठरावयाचे होते.

निकालाची पहिली खूण १८८५ साली दिसली. दिल्लीतील एका फोडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना कनिंगहॅम यास मोठ्या पेशींच्या पोटात बारीक गोल कण आढळले. हे सजीव आहेत, परोपजीवी आहेत, एवढे त्याने जाणले; पण त्यांचे कूळ त्याला बरोबर लावता आले नाही. १८९८ साली ताश्कंद येथे बोरोव्हस्की या रशियन डॉक्टराने ते आदिजीव असल्याचे ओळखले. परंतु त्याचा लेख रशियन भाषेतील लष्करी वैद्यकाच्या नियतकालिकात आला आणि बाहेरच्या जगास तो वर्षानुवर्षे ठाऊक नव्हता. पुढे १९०३ साली तीन घटना लागोपाठ घडल्या. कलकत्त्याजवळच्या डमडमहून ताप घेऊन परतलेल्या एका शिपायाच्या प्लीहेत दिसलेले कण लीशमनने प्रसिद्ध केले. मद्रासेत डोनोव्हनला तेच कण काळा-आजाराच्या रोग्यांत आढळले. आणि बोस्टन येथे राइट याने आर्मेनियाहून आलेल्या एका मुलीच्या व्रणात त्यांचेच भावंड दाखवून दिले. या जीवांस लीशमनचे नाव मिळाले. ज्याने प्रथम पाहिले तो मागे राहिला, ज्याने प्रथम ओळखले तो परभाषेमुळे अज्ञात राहिला. परप्रांतात राहून मराठीत लिहिणाऱ्यांना यातील दुसऱ्याचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

हा जीव एका अंगातून दुसऱ्या अंगात कसा जातो, हे कळण्यास आणखी काळ गेला. १९२१ साली सर्जां बंधूंनी बिस्क्रा येथील वाळूमाश्या चुरडून ओरखडलेल्या त्वचेवर लावल्या आणि त्यातून व्रण उत्पन्न केला. प्रत्यक्ष दंशाचा पुरावा ॲडलर आणि बेर यांनी १९४१ साली दिला. ही माशी डासाहूनही लहान, दुबळी. भिंतींच्या भेगांत, उंदरांच्या बिळांत दडणारी, रात्री थोडे उडून पुन्हा टेकणारी. विहिरीचे पाणी निर्दोष सुटले. दोष होता तो पडक्या भिंतींचा आणि त्यांत वसलेल्या या क्षुद्र प्राण्याचा.

आता उपचाराकडे वळू, कारण येथे आपल्या प्रदेशाचा संबंध येतो. मुंबईचे डॉ. आर. राव यांनी १९०९ साली या व्रणातील जीव प्रयोगशाळेत वाढवून त्याची शेपटीवाली अवस्था वर्णिली. पुढे त्या वाढवलेल्या जीवांचीच लस करून तिचा व्रणावर होणारा गुण १९१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. ज्या मार्गाने बगदादच्या आया अनुभवाने गेल्या होत्या, त्याच्या जवळून जाणारी ही शास्त्राची वाट होती.

दुसरी हकीकत दारुहळदीची. हिमालयाच्या उतारावरील या काटेरी झुडपाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते. त्याचा काढा आटवून केलेले रसांजन डोळ्यांच्या विकारांवर आणि व्रणांवर वापरावे, असे आपले आयुर्वेदाचे जुने ग्रंथ सांगतात. या पिवळेपणाचे मूळ जे बर्बेरीन नावाचे द्रव्य, त्याचे क्षार फोडाच्या कडेने टोचून पाहिल्याचे अनुभव १९२७ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले. १९२९ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये दासगुप्त आणि दीक्षित या दोघांचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला, बर्बेरीनच्या अत्यंत विरल द्रावणातही व्रणाच्या जीवांची वाढ खुंटते, असे त्यांस दिसले होते. यांतील दीक्षित म्हणजे भालचंद्र बाबाजी दीक्षित. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कर्नल चोप्रा यांच्यासमवेत देशी औषधींचा अभ्यास करणारा हा मराठी तरुण पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. आणि १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला संचालक होण्याचा मान त्यालाच मिळाला. दिल्लीतील मराठी मंडळी त्यांस संचालक म्हणून ओळखतात. दिल्लीच्याच नावाच्या रोगावर त्यांनी पंचवीस वर्षे आधी काम केले होते, याची आठवण फारशी निघत नाही.

तथापि अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. दारुहळदीने हा रोग जिंकला, असे म्हणता येत नाही. बर्बेरीनचा गुण काही रोग्यांस आला, पण मुख्य औषध म्हणून पुढे टिकली ती अँटिमनीची संयुगे, ज्यांपैकी एक उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात सिद्ध करून काळा-आजारात असंख्य प्राण वाचवले. दीक्षितांचे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे. परंपरेने दिलेली वनस्पती त्यांनी नुसती वाखाणली नाही व नुसती हिणवलीही नाही. ती काचेच्या नळीत घालून तिला प्रश्न विचारला आणि मिळाले तेवढेच उत्तर लिहून ठेवले.

दिल्लीतून हा फोड घालवला तो अखेर कोणत्याही औषधाने नव्हे. १९५३ साली हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. लक्ष्य डास हे होते. पण त्याच भिंतींत राहणारी वाळूमाशीही त्यात मेली. शहराची वस्ती पालटली, पडके वाडे गेले, आणि ज्या रोगास दिल्लीचे नाव तो दिल्लीत दुर्मिळ झाला. आज भारतात त्याचे मुख्य ठाणे राजस्थानच्या वाळवंटात, बिकानेरच्या बाजूस आहे.

परंतु याच कुळातला दुसरा त्वचाविकार दिल्लीच्या रुग्णालयांत अजून येतो. बिहारमध्ये काळा-आजारातून बरे झालेल्या काही रोग्यांच्या अंगावर, महिन्यांनी वा दोन-चार वर्षांनी, फिकट चट्टे आणि गाठी उठतात. ब्रह्मचारींनी १९२२ साली हा विकार प्रथम वर्णिला. चट्टे दुखत नाहीत, माणूस कामावर जाऊ शकतो. म्हणून तो डॉक्टरकडे उशिरा जातो, आणि गेला तरी त्याचे चट्टे कधी कुष्ठ, कधी कोड समजले जातात. सफदरजंग रुग्णालयातील डॉ. व्ही. रमेश आणि त्याच आवारातील निदानशास्त्र संस्थेच्या डॉ. पूनम सलोत्रा यांनी दीर्घकाळ या रोग्यांचा अभ्यास केला. कातडीच्या कणभर तुकड्यातील जीवाचे जनुकद्रव्य ओळखून अचूक निदान करण्याची पद्धत त्यांच्या कामातून पुढे आली. याचे महत्त्व एका रोग्यापुरते नाही. अशा चट्ट्यांतून जीव वाळूमाशीला मिळू शकतो, म्हणून काळा-आजार देशातून हटवावयाचा तर हे चट्टे ओळखले जाणे अत्यावश्यक आहे.

येथे इतिहासाचा धडा उपयोगी पडावा. एके काळी शिपायाच्या गालावरील व्रणासाठी दिल्लीच्या पाण्याला दोष दिला गेला. आज बांधकामावरील मजुराच्या पाठीवरचे चट्टे पाहून त्याच्या गावाला, सवयींना किंवा त्यालाच दोष देणे तितकेच सोपे आहे, आणि तितकेच चूक. रोगाचे खरे कारण सापडेपर्यंत माणसे जवळच्या दुबळ्याकडे बोट दाखवतात. दिल्ली फोडाच्या बाबतीत ते सापडून शहर निर्दोष ठरण्यास पाऊणशे वर्षे लागली. या मजुरास कळणारे निदान आज उपलब्ध आहे. त्याला रुग्णालयाच्या त्वचा विभागात जाण्याचा सल्ला देण्याइतके सौजन्य, त्याच्याप्रमाणेच पोटासाठी या शहरी आलेल्या आम्हां मंडळींजवळ असावे.