लिथियम-आयन विद्युत् घटांचे उच्च प्रवाही परीक्षण

पुन्हा पुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या लिथियम-आयन घटातून अल्पकाळात मोठा विद्युत् प्रवाह घेतला असता त्याची धारणक्षमता, विद्युत् दाब, तापमान व आयुर्मान यांत कसा फरक पडतो, हे ठरविण्याच्या पद्धती. बिनतारी छिद्रण यंत्रे, संकरित मोटारगाड्या, विद्युत् दुचाकी इत्यादींसाठी घटांची निवड या परीक्षणावर अवलंबून असते.

इतिहास : गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. अशा घटातून प्रवाह जितका मोठा घ्यावा, तितका एकूण विद्युत् भार कमी मिळतो, असे पुढे आढळून आले. व्हिल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये या संबंधास गणिती रूप दिले. त्यांच्या नियमानुसार प्रवाहाचा एकाहून मोठा असा विशिष्ट घात व विसर्जनाचा काळ यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे प्रवाहाचा उल्लेख न करता सांगितलेली धारणक्षमता अपुरी ठरते. लिथियम-आयन घटात मात्र तापमानाचा प्रभाव मोठा असल्याने हा नियम स्थूलमानानेच लागू पडतो.

आकीरा योशिनो यांनी कार्बनी ऋणाग्र व लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धनाग्र असलेला घट १९८५ मध्ये सिद्ध केला. १९८६ मध्ये त्यावर जड लोखंडी वजन टाकून परीक्षण करण्यात आले. लिथियम धातूच्या घटाने अशाच आघातात पेट घेतला, नव्या घटाने घेतला नाही. या निष्कर्षामुळे व्यापारी उत्पादनाचा मार्ग मोकळा झाला व १९९१ मध्ये सोनी कंपनीने असे घट बाजारात आणले. हे घट चित्रण कॅमेरे, भ्रमणध्वनी यांसारख्या मध्यम प्रवाहाच्या उपकरणांसाठी होते.

जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये लोह फॉस्फेटाचे धनाग्र वर्णिले. मंद विसर्जनात ते चांगले कार्य करी परंतु प्रवाह वाढविताच धारणक्षमता घटे. कणांत लिथियम आयनांचे विसरण मंद असणे व पदार्थाची विद्युत् संवाहकता अत्यल्प असणे, ही याची कारणे होत. कण अतिसूक्ष्म करणे व त्यांवर कार्बनाचा लेप देणे या उपायांनी तोच पदार्थ पुढे उच्च प्रवाहास योग्य ठरला. दोष उघड झाला तो प्रवाह बदलून केलेल्या परीक्षणामुळेच. २००५ च्या सुमारास बिनतारी हत्यारांत लिथियम-आयन घट आल्यावर अशा परीक्षणास व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले.

परीक्षण पद्धती : आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६१९६० या मानकात निर्धारित धारणक्षमता सु. पाच तासांच्या विसर्जनावरून ठरविली जाते. उदा., २·५ अँपिअर-तासांचा घट ०·५ अँपिअर प्रवाहाने पाच तासांत रिता होतो. २० अँपिअर प्रवाहास तोच घट जास्तीत जास्त साडेसात मिनिटे पुरेल. घटाचा अंतर्गत रोध ०·०२ ओहम मानल्यास पहिल्या प्रसंगी उष्णतेच्या रूपाने ०·००५ वॉट, तर दुसऱ्या प्रसंगी ८ वॉट शक्ती खर्च होते. प्रवाह चाळीसपट झाला असता उष्णता सोळाशेपट होते. शिवाय विद्युत् दाब ०·४ व्होल्टने खाली येतो, म्हणून उपकरण नियोजित वेळेपूर्वीच बंद पडू शकते. यास्तव अँपिअर-तासांबरोबरच वॉट-तास व पृष्ठभागाचे तापमान यांचीही नोंद ठेवतात.

रोध अत्यल्प असल्याने संपर्काचा रोध मापनात येऊ नये म्हणून प्रवाह व दाब यांसाठी वेगवेगळ्या तारा जोडतात (चार-तार पद्धती). संकरित वाहनांच्या घटांसाठी अमेरिकेत ठरविलेल्या पद्धतीत विद्युत् भाराच्या निरनिराळ्या पातळ्यांवर काही सेकंदांचे प्रवाहस्पंद देऊन दाबातील बदल मोजतात.

सुरक्षितता : वेष्टनावरील प्रवाहमर्यादा परीक्षणाने सिद्ध झालेली नसेल, तर घट तापतो, आतील विभाजक पटल आकसते वा वितळते व अग्रांचा परस्परसंपर्क होऊन आग लागू शकते. भारतात २०२२ मध्ये विद्युत् दुचाकींना आगी लागल्यानंतर वाहनांच्या घटमालांविषयीचे एआयएस १५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत अशा घटमालांचे परीक्षण होते.